अर्जेंटिनाचं लोकसंगीत कुठून ऐकायला घ्यावं, आणि मित्रांच्या गळी कसं उतरवावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण हे सगळं मी सोळा-सतरा वर्षांपूर्वी स्वतः करून बसलेय. तुम्ही म्हणताय की टँगो ऐकून झाला, टँगोचा संगीतकार पियाझोला आवडला, मग कोणीतरी लोकगीतं गाणारी मेर्सेदेस सोसा सांगितली तीही आवडली, पण त्याच्या पुढे कुठे वळायचं ते कळत नाहीये, ऐंशी गाण्यांची प्लेलिस्ट करून ग्रुपवर टाकली तर एकानेही उघडली नाही, आणि यासाठी आता स्पॅनिश शिकायला लागणार का. तीन प्रश्न आहेत, तिन्ही घेते, पण क्रमाने येतीलच असं नाही.

आधी प्लेलिस्टचं. कोणी उघडणार नव्हतंच हो. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि महिन्यातून एका शनिवारी घरी ऐकायला लोकांना बोलावते, त्यातल्या पहिल्या बैठकीला मी बावीस गाणी लावली होती. बावीस! पाचव्या गाण्याला सगळे फोनमध्ये, नवव्याला शेजारचे काका सोफ्यावर घोरायला लागले, आणि मला वाटत होतं की लोकांना चवच नाही. चूक माझी होती. अनोळखी भाषेतली बावीस गाणी लागोपाठ लावली की ती एकसारखीच ऐकू येतात, कितीही भारी असू देत. तेव्हापासून एका बैठकीला तीन गाणी, आणि कधीकधी तर एकच गाणं तीन जणांनी गायलेलं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त कामाला आलंय, आणि स्वतः ऐकायलासुद्धा मी हेच सांगेन, गायक गोळा करत सुटू नका, एक गाणं पकडा आणि ते कोणी लिहिलंय, चाल कोणाची, अजून कोणी गायलंय असं त्याच्या मागे मागे जा.

कारण सांगते. तिकडे टँगो हे मुख्यतः ब्यूनोस आयरेस शहराचं, बंदराकाठचं संगीत. बाकी देशाच्या गाण्याला ते लोक सरळ 'फोल्क्लोरे' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या 'लोकसंगीत' सारखा अनामिक, परंपरेतून आलेल्या गाण्यांपुरता नाही. त्यातल्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांना ठरलेला कवी आहे, ठरलेला संगीतकार आहे, आणि मग पन्नास जणांनी ते आपापल्या पद्धतीने गायलंय. म्हणजे आपल्या भावगीतासारखं काहीतरी, फक्त ताल नाचाचे. त्यामुळे गायकाच्या नावाने शोधलं तर तुम्ही एकाच घरात फिरत राहता, गीतकार-संगीतकाराच्या नावाने शोधलं तर गल्लीच सापडते.

उदाहरण घेऊ. वायव्येला साल्ता नावाचा प्रांत आहे, तिथे गुस्ताव्हो लेगिसामोन म्हणून एक माणूस होता, 1917 ते 2000, सगळे त्याला 'कुची' म्हणायचे, तिकडच्या बोलीत कुची म्हणजे डुक्कर, आणि तो ते नाव मजेत मिरवायचा. पेशाने वकील, शाळेत शिकवायचा, पियानोवर बसला की लोकगीताच्या चालीखाली असे विचित्र सूर घालायचा की पहिल्यांदा ऐकताना वाटतं कोणाचं तरी चुकलंय. चर्चच्या घंटांची मैफल करणारा माणूस हा. त्याचा जोडीदार कवी मान्युएल कास्तिया. या दोघांचं 'ला पोमेन्या' ऐका. ला पोमा हे डोंगरात तीन हजार मीटरवरचं गाव, तिथल्या कार्निव्हलमध्ये एउलोहिया तापिया नावाची बाई कोप्ला, म्हणजे चार ओळींची छोटी कवनं, गात होती, आणि गोष्ट अशी सांगतात की कास्तियाने तिच्याशी कोप्लांचा सामना लावला आणि हरला. मग हे गाणं तिच्यावर. आता हे मेर्सेदेस सोसाचं ऐका, मग दुओ साल्तेन्यो या जोडीचं ऐका, ज्यांचे दोन आवाज कुचीने स्वतः बसवलेत आणि ते जवळ येता येता एकमेकांना घासून जातात, आणि मग लिलियाना एर्रेरो आणि गिटारवाला हुआन फालू यांनी कुची-कास्तियाच्याच गाण्यांचा अल्बम केलाय, 2000 सालचा, त्यातलं काही ऐका. तासाभरात एक प्रांत, दोन लेखक आणि चार गायक ओळखीचे होतात. कुची-कास्तियाचंच 'बाल्देरामा' साल्ता शहरातल्या एका खाण्यापिण्याच्या जागेवर आहे जिथे गाणारे लोक पहाटेपर्यंत बसायचे, ती जागा विझली तर आम्ही जायचं कुठे असा त्याचा भाव. ज्याचा कॉलेजजवळचा अमृततुल्य बंद पडलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

ही दोन्ही गाणी 'सांबा' आहेत. थांबा, ब्राझीलचा सांबा नाही. स्पॅनिशमध्ये हा झेडने लिहितात, पण अर्जेंटिनात उच्चार 'स'च करतात, म्हणजे देवनागरीत दोघांत काही फरकच उरत नाही, वैताग आहे. हा संथ, सहाच्या तालातला, हातात रुमाल घेऊन जोडीने नाचायचा प्रकार आहे, तो तिच्याशी आणि ती त्याच्याशी रुमालाने बोलतात, स्पर्श जवळजवळ नाहीच. शोधताना झेड टाका आणि सोबत अर्जेंटिना हा शब्द टाका, नाहीतर रिओचे ढोल येऊन आदळतील. माझ्याकडे एकदा एकजण सांबा ऐकायचा म्हणून नाचायच्या तयारीत आला होता, बिचारा.

चाकारेरा हा याचा धाकटा उनाड भाऊ. सान्तियागो देल एस्तेरो प्रांताचा, उन्हाने भाजलेला सपाट मुलूख, तिथे गिटार, व्हायोलिन आणि बोंबो लेग्वेरो. बोंबो म्हणजे सैबो झाडाचं खोड पोखरून केलेला मोठा ढोल, वर शेळी-मेंढीचं कातडं केसांसकट, एक काठी चामड्यावर आणि दुसरी लाकडी कड्यावर, आणि 'लेग्वेरो' का तर एक लेगुआ म्हणजे जवळपास पाच किलोमीटरवरून ऐकू येतो म्हणून. तालाची गंमत अशी की मात्रा सहाच, पण गिटार त्या तीन-तीन मोजते आणि ढोलाचा कल दोन-दोन-दोनकडे. आपल्याला दादरा रक्तात आहे त्यामुळे तीन-तीन लगेच सापडतं, मग दुसऱ्या हाताने मांडीवर दोन-दोन-दोन धरून बघा, दोन्ही एकत्र जमेपर्यंत दोन दिवस जातील पण जमलं की चाकारेरा सुटत नाही. हे मी बैठकीत सगळ्यांकडून करून घेते, अर्धे लोक डावीकडे तीनची टाळी, अर्धे उजवीकडे दोनची, आणि मग गाणं लावते. आणि हो, गाण्याच्या सुरुवातीला कोणीतरी 'आदेंत्रो!' ओरडतं ते नाचणाऱ्यांना आत या म्हणून, मध्यावर 'सेगुंदा!' म्हणजे आता दुसरा भाग, कारण नाच दोनदा तसाच्या तसा करायचा असतो. रेकॉर्डमध्येसुद्धा या आरोळ्या असतात. एवढं एक सांगितलं तरी ऐकणाऱ्याचे कान उभे राहतात, तो दुसऱ्या आरोळीची वाट बघायला लागतो.

चाकारेरासाठी नावं म्हणाल तर आबालोस बंधू, मग काराबाहाल हे अख्खं खानदान, त्यातला पेतेको आजचा वाटेल, आणि सिक्स्तो पालावेसिनो नावाचा व्हायोलिनवाला जो स्पॅनिशबरोबर किचुआ या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत गायचा. हो, अर्जेंटिनात किचुआ, आणि ईशान्येला ग्वारानी. हा देश युरोपचा तुकडा आहे वगैरे जे आपण वाचतो ना, ते ब्यूनोस आयरेसपुरतं. 1921 मध्ये आन्द्रेस चासार्रेता आपली सान्तियागोची गाणारी-नाचणारी मंडळी घेऊन राजधानीच्या थिएटरात गेला तेव्हा शहरी लोकांना हे आपल्याच देशातलं आहे याचंच नवल वाटलं होतं.

आता युपांकी. आताउआल्पा युपांकी, खरं नाव एक्तोर रोबेर्तो चावेरो, 1908 चा जन्म, 1992 ला फ्रान्समध्ये वारला, डावऱ्या हाताने गिटार वाजवायचा. आवाज गोड नाही, सजावट नाही, आणि पहिल्यांदा कंटाळवाणा वाटू शकतो, मलाही वाटला. पण मराठी माणसाला ऐकवायचं पहिलं गाणं कोणतं असं विचाराल तर मी डोळे झाकून त्याचं 'लोस एहेस दे मी कार्रेता' सांगेन. शब्द उरुग्वेच्या रोमिल्दो रिस्सोचे, चाल युपांकीची. विषय काय, तर गाडीवान. त्याच्या गाडीच्या कण्याला वंगण नाही म्हणून लोक त्याला निष्काळजी म्हणतात, आणि तो म्हणतो मला कुरकुर आवडते, लांबच्या लांब वाटेवर सोबतीला दुसरं आहे काय. झालं, एवढंच. ज्या काकांना पहिल्या बैठकीत झोप लागली होती ते सांगली जिल्ह्यातले, लहानपणी उसाच्या गाडीवर बसलेले, मी दोन वाक्यांत अर्थ सांगून गाणं लावलं तर ते गाणं संपेपर्यंत हलले नाहीत आणि मग म्हणाले, 'परत लाव.' नंतर अर्धा तास त्यांनीच आम्हाला कणा, आरे, धाव आणि गाडीचं वंगण काय असायचं ते सांगितलं, त्या दिवशीची बाकीची दोन गाणी राहिलीच.

युपांकीच्या गाण्यांखाली सहसंगीतकार म्हणून पाब्लो देल सेर्रो असं नाव बऱ्याचदा दिसेल. तो पुरुष नाही, ती त्याची बायको, नेनेत, फ्रेंच, शिकलेली पियानोवादक, पुरुषाच्या नावाने चाली देत राहिली. म्हणून म्हणते श्रेयनामावली वाचा.

अजून वर, बोलिव्हियाच्या बाजूला डोंगरात गेलात की बागुआला. एक आवाज, हातात काखा नावाचा छोटा चपटा ढोल, दोन-तीनच सूर, आणि आवाज एकदम फाटल्यासारखा वर उडी मारतो. ओळी चार, प्रत्येकी आठ अक्षरांच्या आसपास, त्याला कोप्ला म्हणतात. ऐकताना मला कायम जात्यावरच्या ओव्या आठवतात, चालीमुळे नाही, तर बाई एकटीच स्वतःशी बोलतेय या भावामुळे. आणि गोळा करणाऱ्यांची गोष्टही सारखी. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यात बसून गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तिकडे लेदा व्हायादारेस नावाच्या तुकुमानच्या कवयित्रीने तरुणपणी कफायातेत कार्निव्हलच्या रात्री बायकांना बागुआला गाताना ऐकलं आणि पुढचं आयुष्य टेपरेकॉर्डर घेऊन डोंगरात फिरण्यात घालवलं. तिने केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या मालिकेचं नाव 'देशाचा संगीत-नकाशा' अशा अर्थाचं आहे. हे मात्र लगेच कोणाला ऐकवू नका. सहा महिन्यांनी. कच्च्या कानाला हे रडगाणं वाटतं.

पायादोर लोकांचं मात्र आपल्याला फार सोपं जातं. गिटार घेऊन दोघे समोरासमोर बसतात आणि जागेवर कवन रचत एकमेकांना प्रश्न टाकतात, उत्तर सुचलं नाही तो हरला. कलगीतुरा! सवाल-जवाब! 1884 च्या 23 जुलैला गाबिनो एसेइसा या आफ्रिकन वंशाच्या पायादोरने उरुग्वेच्या हुआन दे नाव्हाला हरवलं, त्या तारखेला अजून तिकडे पायादोर दिवस पाळतात. पण भाषा न कळता पायादा ऐकण्यात अर्थ नाही हेही खरं, त्यामुळे ही गोष्ट फक्त सांगा, लावू नका.

चामामे, हाही नाचाच्या संगीताचाच प्रकार: कोर्रिएन्तेस प्रांत, पाराना नदीचा पट्टा, अॅकॉर्डियन, मध्येच 'सापुकाय' नावाची लांब किंकाळी, 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. त्रान्सितो कोकोमारोला हा जुना बापमाणूस आणि चांगो स्पासिउक हा आजचा, मिसियोनेसचा, युक्रेनहून आलेल्यांच्या घरातला. पाऊस पडत असताना लावा, बाकी काही सांगायची गरज नाही.

आता एक भांडणाचा मुद्दा. बरेच 'जाणकार' इथेच थांबतात आणि क्वार्तेतो, कुम्बिया या लोकप्रिय नाचगाण्यांना नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. कोर्दोबा प्रांतात क्वार्तेतोशिवाय लग्न लागत नाही, आणि त्याचा पाया घातला लेओनोर मार्सानो या पियानोवाल्या बाईने, डाव्या हाताने खर्ज आणि उजव्याने ठोका, 'तुंगा-तुंगा' म्हणतात त्याला, 4 जून 1943 हा त्यांच्या क्वार्तेतो लेओचा पहिला दिवस मानतात, योगायोगाने त्याच दिवशी देशात लष्करी उठाव झाला होता. ला मोना हिमेनेस ऐका, रोद्रिगो ऐका. रोद्रिगो 24 जून 2000 ला गाडीच्या अपघातात गेला, आणि टँगोगायक गार्देल 24 जून 1935 ला विमान अपघातात, चाहते ही तारीख अशी काही सांगतात की अंगावर काटा येतो. हिल्दा आधी बालवाडीत शिकवायची, मग कुम्बिया गायिका झाली, 1996 मध्ये रस्त्यावर अपघातात गेली आणि त्या जागेवर आता लोक नवस बोलायला येतात. आपल्याकडे बँडवर जी गाणी वाजतात त्यांना कमी लेखणारे पण असतातच की.

राजकारणाला बगल देऊ नका, नुसती सुंदर चाल म्हणून ऐकलं तर निम्मं हातातून जातं. 1965 च्या कोस्कीन या लोकसंगीत महोत्सवात होर्हे काफ्रुने या गायकाने आपल्या वेळेतून मेर्सेदेस सोसाला स्टेजवर बोलावलं, आयोजकांची फारशी इच्छा नसताना, आणि ती बोंबो घेऊन एकटी गायली. पुढे लष्करी हुकूमशाहीत तिला 1979 मध्ये देश सोडावा लागला. काफ्रुनेने 1978 च्या कोस्कीनमध्ये लोकांनी मागितलं म्हणून परवानगी नसलेला सांबा गायला, काही दिवसांतच घोड्यावरून प्रवास करताना त्याला गाडीने उडवलं, आणि तो अपघातच होता का यावर अजून वाद आहेत. सोसा फेब्रुवारी 1982 मध्ये परत आली आणि तेआत्रो ओपेरात गायली, त्याचा डबल अल्बम आहे, त्यात लेओन गिएको आणि चार्ली गार्सिया हे रॉकवाले पण आहेत. एकच अल्बम विकत घ्यायचा असेल तर हा घ्या. टाळ्या ऐका त्यातल्या. दोनच महिन्यांत ब्रिटनशी माल्विनासचं, म्हणजे फॉकलंड बेटांचं, युद्ध सुरू झालं, रेडिओवरून इंग्रजी गाणी हटवली गेली आणि रेडिओवाल्यांना देशी रॉक लावावाच लागला, म्हणजे ज्यांना गप्प केलं होतं त्यांचीच गाणी दिवसभर.

तरुण मंडळींसाठी वेगळा रस्ता आहे. 'द लास्ट ऑफ अस' गेम खेळलेला कोणीतरी ग्रुपमध्ये असतोच, त्यातलं ते संगीत गुस्ताव्हो सान्ताओलायाचं, आणि त्यात रोनरोको नावाचं, चारांगो या छोट्या गिटारसारख्या वाद्याच्या कुळातलं वाद्य आहे. हाच माणूस 1980 च्या दशकात लेओन गिएकोबरोबर देशभर फिरून गावातल्या लोकांबरोबर तिथेच रेकॉर्डिंग करत होता, अगदी दक्षिणेच्या उशुआयापासून उत्तरेच्या ला कियाकापर्यंत. गेमपासून सिक्स्तो पालावेसिनोपर्यंत तीन उड्यांत पोचता येतं, माझ्या विद्यार्थ्यांवर करून बघितलंय.

शोधण्याबद्दल दोन गोष्टी. काही जुने अल्बम सापडत नाहीत तेव्हा दोष तुमच्या शोधण्याचा नसतो. म्युझिक हॉल नावाची मोठी कंपनी 1993 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या मास्टर टेप वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत अडकून पडल्या, 2016 मध्ये तिकडच्या राष्ट्रीय संगीत संस्थेने, इनामूने, तो साठा मिळवला आणि मग हळूहळू ते रेकॉर्ड परत यायला लागले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी नव्हतं ते आज असू शकतं, परत शोधा. दुसरं, रेडिओ नासिओनालचं फोल्क्लोरिका हे चॅनल नेटवर लावून ठेवा. आपण त्यांच्या साडेआठ तास पुढे, त्यामुळे आपल्या सकाळी सातला तिकडे रात्रीचे साडेदहा. जानेवारीच्या शेवटी कोस्कीनच्या नऊ रात्री असतात, टीव्ही पब्लिका वर्षानुवर्षं दाखवत आलंय, आपल्याला ते सकाळच्या चहाला मिळतं, आमच्याकडे तेव्हा पोहे आणि चाकारेरा.

वाटण्याबद्दल अजून एक, जे मला तिथे जाऊन कळलं. तिकडे 'पेन्या' असते, खायची प्यायची जागा, आणि साल्तात काही ठिकाणी तर स्टेजच नाही, शेजारच्या टेबलावर कोणीतरी गिटार काढतं, दुसऱ्या टेबलावरून कोणीतरी दुसरा आवाज लावतं. तुम्ही हे घरी करा. जेवण ठेवा, ज्याला गाता येतं त्याला आपलंही गाऊ द्या, एकाने भलरी म्हटली की दुसऱ्याला कोप्ला ऐकायला तोंड फुटतं. स्पीकर मोठा नसला तरी चालेल, पण सगळे एका खोलीत हवेत. ग्रुपवर टाकायचंच असेल तर एका वेळी एक गाणं, खाली तीन ओळी: कोणी लिहिलं, कुठलं, कशाबद्दल. आणि गीतकार-संगीतकाराचं नाव गाळू नका. मी सान्तियागोत एका अंगणात रविवारी केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, गाणारे आजोबा म्हणाले घे पण कुठे टाकू नकोस, तर ते फक्त आमच्या खोलीत वाजतं. विचारायचं असतं.

स्पॅनिशचं विचारलंत. क्लासची जाहिरात करायची चांगली संधी आहे ही, पण खरं सांगते, नाही लागणार. वीसेक शब्द लागतात, कारण ही गाणी त्याच त्याच गोष्टींभोवती फिरतात: लूना म्हणजे चंद्र, कामीनो वाट, पेना दुःख, पान्युएलो रुमाल, रिओ नदी, पागो म्हणजे आपलं गाव, आपली माती, आणि आउसेन्सिया, म्हणजे कोणाचं तरी नसणं. मशीनच्या भाषांतरावर जाऊ नका, पेनाचं ते कधी शिक्षा करून ठेवतं, कारण त्या शब्दाचा तोही अर्थ आहे, आणि मग गाडीवान तुरुंगातून आल्यासारखा वाटतो. शब्द कागदावर लिहा, गाणं ऐकताना तो शब्द आला की बोट ठेवा. पहिल्या आठवड्याला 'लोस एहेस', दुसऱ्याला 'ला पोमेन्या' तीन जणांची, आणि तिसऱ्याला टाळ्या वाजवत एक चाकारेरा. ऐंशीतली उरलेली सत्त्याहत्तर राहू देत.